वरच्या आवाजाची जागा

सुवा,
११ फेब्रुवारी १९८६

कोरड्या नारळा,

शाळेतली पोरं तुझ्याकडून काय शिकत असतील ते देव जाणे. माझ्या मामाच्या पोटी इतका रुंद नाकाचा आणि अरुंद अकलेचा मुलगा कसा जन्मला, हे आई मरेपर्यंत विचारत होती. हे तुझ्या बायकोला मोठ्याने वाचून दाखव. पत्र सभ्यपणे सुरू केलं असतं तर तिला वाटलं असतं आपलं बिनसलं. मामेभाऊ-आतेभावांतल्या शिव्या थांबल्या की म्हाताऱ्या चौकशीला येतात.

आता कामाचं. गेली नऊ वर्षं मी जयंतीभाईंच्या कॅसेट कंपनीसाठी बेटाबेटांवर नवे गाणारे हुडकत फिरतोय, हे तुला ठाऊक आहे. किती सापडले आणि किती टिकले, ते विचारू नकोस. तावेउनीचे दोघे भाऊ एका पोरीवरून भांडले. लाउतोकाची बाई हॉटेलात पाहुण्यांसमोर परक्यांची गाणी म्हणते, आपलं एकही नाही. ओवालाऊच्या बँडचा ढोलवाला सैन्यात गेला आणि बाकीचे गप्प झाले.

मागच्या आठवड्यात मी लेवुकाच्या बोटीवर होतो. एका खलाशाच्या टेपरेकॉर्डरवर गाणं लागलं होतं. टेप इतकी घासलेली की मध्ये कोंबडा आरवतोय तोही सुरात वाटावा. माझी सवय तुला माहीत आहे, मी आधी सगळ्यात खालचा आवाज ऐकतो, तो डळमळला की उठून जातो. खालचा भक्कम होता. मग वर पाहिलं, म्हणजे कानाने, आणि तिथे एक आवाज होता, नेमानी. जोर नव्हता त्यात. तो नुसता वर जाऊन उभा राहत होता, पक्षी वाऱ्यावर पंख न हलवता उभा राहतो तसा. बाकीचे चौघे त्याच्याखाली गात होते.

खलाशाला विचारलं, कुठले हे? म्हणाला, कंदावू बेटावरचे, वाइसालिमाचे.

नऊ वर्षं सगळा समुद्र पालथा घातला, आणि निघालं माझ्या आईचंच गाव. तो आवाज कोणाचा, एवढंच लिही.

तुझा (नाइलाजाने) आतेभाऊ
एमोसी

*

वाइसालिमा,
२४ फेब्रुवारी

रेवाच्या चिखलातल्या खेकड्या,

पत्र वाचून दाखवलं. बायको म्हणाली, एमोसीची तब्येत बरी दिसते.

तो आवाज आलिपातेचा. माझा धाकटा भाऊ, ज्याला तू खांद्यावर घेऊन ओढा ओलांडलास आणि मध्येच पाडलंस. आता तेवीस वर्षांचा आहे, आणि तुझ्यापेक्षा पोहायला बरा. पाच जणांचा बँड आहे. दोन गिटार, एक युकुलेले. नाव काही ठेवलेलं नाही, लोक 'वाइसालिमाची पोरं' म्हणतात.

खरं सांगायचं तर ही पोरं आमच्या मुखियाची आहेत. म्हातारे रातू रोज संध्याकाळी यंगोनाची मुळं कुटून पेयाच्या वाट्या फिरायला लागल्या की यांना बोलावतात. एक गाणं त्यांना फार आवडतं, मासेमारीला गेलेल्या बोटीची वाट पाहणारं. ते संपलं की म्हणतात, "आलिपाते, वरती कोणाला भेटून आलास?" रोज तोच विनोद, आणि रोज सगळे हसतात.

तुझ्या कंपनीचं मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, रताळ्यांची काढणी होऊ दे, मग मी स्वतः पाठवतो. त्यांना जरा खोकला आहे, बाकी ठीक.

आलिपातेला सांगितलं तर तो कान लाल करून नारळ सोलायला निघून गेला.

नेमानी

*

सुवा,
१० मार्च

नारळा,

ती खलाशाची टेप मी विकत घेतली आणि जयंतीभाईंना ऐकवली. माणूस शांत आहे, कोणतंही गाणं लागलं तरी हिशेबाची वही खाली ठेवत नाही. या वेळी ठेवली. म्हणाले, "एमोसी, कोंबडा काढून टाक आणि हेच आण."

पण त्यांनी दुसरंही सांगितलं. आपली कॅसेट हल्ली कोणी घेत नाही, सगळ्यांना बाहेरची हवी. मे महिन्यापर्यंत काही चाललं नाही तर रेकॉर्डिंगची खोली बंद, तिथे बाहेरच्या कॅसेटींचं गोदाम. मग मी गोदामात खोकी उचलणार. तुझ्या विद्यार्थ्यांना सांग, अभ्यास केला नाही की काय होतं.

एप्रिलचा तिसरा आठवडा पोरांसाठी ठेवलाय. रातूंना माझा साष्टांग नमस्कार सांग आणि खोकल्याला मध.

एमोसी

*

वाइसालिमा,
२९ मार्च

एमोसी,

रातू गेले. वीस तारखेला पहाटे. खोकला नव्हता तो, आम्हीच त्याला खोकला म्हणत होतो.

चोवीसला पुरलं. त्या दिवसापासून शंभर रात्री. तू शहरात वाढलास म्हणून लिहितो: गावात मोठ्याने बोलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, गाणं नाही, वाद्य नाही, चर्चमधली स्तोत्रं तेवढी हलक्या आवाजात. शाळेची घंटा काढून ठेवली आहे, मी हात वर केला की मुलं वर्गात येतात. गिटारी चर्चच्या मागच्या खोलीत आहेत. गावाच्या टोकापासून काळ्या खडकापर्यंतचा प्रवाळ बंद, तिथे कोणी गळही टाकणार नाही. शंभराव्या रात्रीनंतर जाळं पडेल आणि त्या माशांवर सगळ्या शेजारच्या गावांना जेवण. त्या दिवशी समुद्र किती देतो, त्यावरून कळतं गावाने शंभर रात्री कशा पाळल्या. माझ्या आजोबांच्या वेळी जाळी फाटली होती, इतके मासे.

तेव्हा एप्रिल सोड. जुलैत बघू. खेकड्या, एवढी एकच शिवी या पत्रात बसते.

नेमानी

*

सुवा,
७ एप्रिल

नेमानी,

रातूंसाठी मी दोन दिवस काम बंद ठेवलं. मी लहान असताना त्यांनी मला त्यांच्या ताटातला मासा दिला होता, डोक्याकडचा. अजून आठवतो.

आता मला शिवी द्यायची तर दे. जुलैपर्यंत ही खोली राहणार नाही. मी जयंतीभाईंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाईट वाटतं, पण तारीख ती तारीख." जुलैत मी कुठून आणणार यंत्रं, कुठून आणणार माणूस? आलिपातेचा आवाज पुढच्या वर्षी असाच असेल, हे तुला कोणी सांगितलं? ओवालाऊचा पोरगा एका पावसाळ्यात घोगरा झाला, माझ्या कानादेखत.

सुवा म्हणजे वाइसालिमा नव्हे. खोलीच्या भिंतींना गाद्या लावल्या आहेत, बाहेर उभ्या माणसाला काही ऐकू येत नाही. चार दिवस गातील, टेप मी कपाटात बंद करीन. शंभर रात्री सरल्याशिवाय ती कोणाच्या कानावर पडणार नाही. शब्द देतो.

आणि एक. आईच्या गावाकडे भाच्याने मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. डुक्कर माग, होडी माग, छपरावरचं गवत माग. आजवर मी एक नारळही मागितला नाही. आता मागतो. भाचा म्हणून मागतो, मला तो आवाज दे.

एमोसी

*

वाइसालिमा,
१९ एप्रिल

एमोसी,

याच बोटीने पाचही जण येत आहेत. गिटारी नाहीत, तिथे मिळव.

वडीलधाऱ्यांना मी सांगितलं की शाळेच्या छपरासाठी पत्रे आणायला पाठवतोय, पाच माणसं लागतील. कोणी काही विचारलं नाही. मास्तर खोटं बोलत नाही असं इथे समजतात. तेव्हा परत येताना पत्रे दे, नाहीतर मी मेलो.

आलिपातेने मला दोनदा विचारलं, "दादा, म्हाताऱ्यांना चालेल का?" मी म्हटलं, भाच्याला नाही म्हणता येत नाही. तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

कपाटाची किल्ली तुझ्या खिशात राहू दे.

नेमानी

*

सुवा,
२ मे

नारळा,

पोरं आणि अठरा पत्रे बोटीवर चढवले. पत्रे मोजून घे, खलाशी माझ्यासारखेच चोर आहेत.

कसं झालं ते लिहितो. पहिला दिवस वाया गेला. कोणी आवाजच वर काढेना. मी म्हटलं, अरे खुसफुसताय काय, चोरी करायला आलात का? म्हणालो आणि जीभ चावली. दुसऱ्या दिवशी आलिपाते म्हणाला, "दादा, मी भिंतीकडे तोंड करून गाऊ?" मी माईक फिरवला. मग तो गायला, डोळे मिटून, कपाळ गादीला टेकवून. नऊ गाणी झाली. दहावं रातूंचं, बोटीची वाट पाहणारं. ते त्याला नको होतं. बाकीचे म्हणाले, हे नाही तर कशाला आलो. शेवटचा सूर संपल्यावर तो तिथेच उभा राहिला, कोणीतरी काहीतरी विचारील म्हणून. कोणी विचारलं नाही. यंत्रावरचा माणूस बंगाली आहे की गुजराती मला आजवर कळलं नाही, पण तो उठून बाहेर गेला आणि तोंड धुऊन आला.

नेमानी, मी नऊ वर्षं हे शोधत होतो. आता मेलो तरी चालेल, असं लोक म्हणतात ना, तसं.

टेप कपाटात आहे.

एमोसी

*

वाइसालिमा,
२० मे

एमोसी,

तुझ्या कपाटाला किल्ल्या किती आहेत?

शनिवारी दुपारी रातूंच्या घरी बायका चटया विणत होत्या. कोपऱ्यात रेडिओ बारीक लावून ठेवलेला असतो, बोटींच्या वेळा आणि कोण कुठे वारलं ते कळावं म्हणून. तेवढीच परवानगी आहे. बातम्यांनंतर कोणीतरी म्हणालं, आता नवं गाणं. आणि लागलं ते बोटीचं.

बंद करायला उठावं लागलं असतं, आणि रातूंच्या बायकोसमोर, आजीबाईंसमोर, ताठ उभं राहणार कोण? सगळ्याजणी बसून राहिल्या. आलिपाते दाराबाहेर चटईची पानं तासत होता. माझी बायको सांगते, त्याने सुरी खाली ठेवली नाही, पण हात थांबला. गाणं पूर्ण झालं. आजीबाई म्हणाल्या, "हा आवाज आपलाच आहे." आणि पुन्हा चटई विणायला लागल्या.

एवढंच. त्या पुढे बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी मला बोलावलं. पत्र्यांची गोष्ट मीच सांगितली.

नेमानी

*

सुवा,
२७ मे

नेमानी,

जयंतीभाईंनी टेप काढली. मी कामाला नांदी शहरात गेलो होतो, परत आलो तर गाणं रेडिओवर. मी त्यांच्याशी भांडलो. त्यांना या गोष्टी कळत नाहीत, त्यांचे लोक मेल्यावर तेरा दिवस पाळतात.

मी पुढच्या बोटीने येतो. क्षमा मागताना पुढे ठेवायला देवमाशाचा दात मिळवला आहे, मोठा, दोरीसकट. दारात बसून राहीन. आजीबाई म्हणतील तितके दिवस बसीन.

आलिपातेला सांग, चूक माझी.

एमोसी

*

वाइसालिमा,
१० जुलै

एमोसी,

तू आलास, दात पुढे ठेवलास, मान खाली घालून बोललास. चांगलं बोललास. वडीलधाऱ्यांनी दात उचलला. दात उचलला म्हणजे क्षमा झाली, आणि क्षमा झालेल्या गोष्टीवर कोणी बोलत नाही. मीही बोलत नाही. फक्त तू गेल्यानंतरचं लिहितो, कारण ते त्यात येत नाही.

दोन तारखेला शंभर रात्री भरल्या. चार गावांचे पाहुणे आले. भरतीला जाळं पडलं, ओहोटीला ओढलं. आलिपाते पहिल्या दोरीवर होता. जाळं हलकं येतंय हे दोरीवरच्यांना आधी कळतं. ते एकमेकांकडे बघत नव्हते. अकरा मासे, आणि बारीक काही पोरांनी वेचले. एवढा मोठा प्रवाळ, शंभर दिवस बंद ठेवलेला.

पाणी या वर्षी गरम होतं. मासा गरम पाण्यातून निघून जातो, हे मी सहावीला शिकवतो. त्या किनाऱ्यावर ते कोणाला सांगणार होतो?

दुकानातून डबाबंद मासे आणले. पाहुण्यांनी ते नारळाच्या दुधात घालून खाल्ले, वाखाणलेसुद्धा. आमच्या चुलत्याने डबे मागच्या अंगणात पुरायला लावले, ते दिसू नयेत म्हणून.

आलिपातेला कोणी एक शब्द बोललं नाही. तो त्या दिवसापासून गायलेला नाही. गिटारी परत दिल्या, तर त्याने आपली दुसऱ्या पोराला देऊन टाकली. मला चर्चमध्ये रविवारी बोलायला उभं करत असत, आता करत नाहीत. पण शाळा आहे.

नेमानी

*

सुवा,
४ ऑगस्ट

नेमानी,

शिवी न घालता लिहिलेली तुझी तीन पत्रं माझ्या टेबलावर आहेत. मोजली.

कॅसेट सगळ्या बेटांवर चालली आहे. बाजारात, बसमध्ये, बोटीवर, जिथे जातो तिथे आलिपाते. जयंतीभाईंनी गोदामाचा विचार सोडला, नवं यंत्र मागवलं, आणि रोज विचारतात, पोरं पुन्हा कधी येणार. मी म्हणतो, रताळ्यांची काढणी होऊ दे.

आता जे दातासमोर बसून बोललो नाही, ते लिहितो. जयंतीभाईंनी टेप काढली नाही. ते त्या आठवड्यात आजारी होते. मी नांदीला गेलो नव्हतो. कपाट मी उघडलं, रेडिओच्या कचेरीत मी चालत गेलो. वाटेत दोनदा थांबलो.

खोली वाचवायची होती, हे खरं. पण फक्त तेवढं नाही. नऊ वर्षं मी लोकांना सांगत आलो की ऐका, हा ऐका, ही ऐका, आणि लोक म्हणत, बरं आहे. या वेळी मला ठाऊक होतं की कोणी 'बरं आहे' म्हणणार नाही. आणि ते माझ्या कपाटात, अंधारात. दोन आठवडे मी एकटाच रोज ऐकत होतो. मला आणखी कोणाच्या तरी चेहऱ्यावर ते बघायचं होतं. वाइसालिमात रेडिओ फक्त बोटींच्या वेळांसाठी लागतो, असं मी मनाला सांगितलं.

माझ्या खोट्या क्षमेचं आता काय करायचं, तू सांग. आलिपातेकडून दोन ओळी लिहून घे. गाऊ नको म्हणावं, दोन ओळी लिही फक्त.

इथे नवे बँड येतात, मी खालचा आवाज ऐकतो, वरचा ऐकतो. सगळे चांगले आहेत. मला काही ऐकू येत नाही.

एमोसी

*

वाइसालिमा,
१ सप्टेंबर

माननीय श्री. एमोसी यांस,

आपलं चार ऑगस्टचं पत्र पोचलं. ते मी वडीलधाऱ्यांना दाखवलेलं नाही. एकदा उचललेला दात खाली ठेवण्याची पद्धत नाही.

आपण आलिपातेबद्दल विचारलंत. त्याची प्रकृती चांगली आहे. तो होडी बांधायला शिकतो आहे. दोन ओळी लिहिण्याविषयी त्याला सांगितलं. त्याने कागद घेतला, थोडा वेळ ठेवला आणि परत दिला. तो कागद सोबत जोडला आहे. त्यावर काही नाही.

रविवारी तो चर्चमध्ये येतो आणि गाणाऱ्यांत आपल्या नेहमीच्या जागी उभा राहतो. पुस्तक उघडतो, पानं वेळेवर उलटतो. ओठ मिटलेले असतात. वरच्या आवाजाचा भाग दुसऱ्या कोणाला देण्याविषयी पाद्रींनी विचारलं होतं. बाकीच्यांनी नको म्हटलं. ते तेवढी जागा सोडून गातात. पहिल्या रविवारी स्तोत्र मोडकं वाटलं. आता आम्हाला सवय झाली आहे. परवा पलीकडच्या गावचे पाहुणे आले होते, ते म्हणाले, तुमच्याकडे हे असंच म्हणतात का? आम्ही हो म्हटलं.

आपला,
नेमानी

*

सुवा,
१५ सप्टेंबर

नेमानी,

कोरा कागद मिळाला. मी तो कपाटात ठेवला आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं, मध्ये कुठे 'खेकडा' लपलाय का म्हणून. दुसरं काही मागत नाही. भाचा म्हणून तर नाहीच, ते मागणं एकदाच करायचं असतं आणि मी केलं. एक शिवी दे. आईवरून दे, चेहऱ्यावरून दे, जे मी केलं त्यावरून दे. तुझ्या बायकोला विचारून दे. पाकिटावर लिहिलीस तरी चालेल, टपालवाल्याला वाचू दे.

एमोसी

*

वाइसालिमा,
६ ऑक्टोबर

माननीय श्री. एमोसी यांस,

आपलं पत्र मिळालं. इकडे सर्व कुशल आहे.

आपण पाठवलेले अठरा पत्रे शाळेच्या छपरावर बसवले. मोजून घेतले होते, पुरे निघाले. त्याबद्दल शाळेच्या वतीने आभार. छप्पर कुठेही गळत नाही, मुलं कोरडी बसतात. जोराचा पाऊस आला की मात्र वर्गात माझा आवाज पोचत नाही. तेवढा वेळ आम्ही सगळे गप्प बसतो.

माझ्या पत्नीचा नमस्कार.

आपला,
नेमानी
मुख्याध्यापक